नाकवाली आणि रास्त बाजार

धुलाईखान्यात तिला सगळे नाकवाली म्हणायचे. नाक काही मोठं नव्हतं. चेहऱ्याच्या मानाने लहानच, शेंड्याला जरा दबलेलं. पण त्या नाकाला कळायचं नाही असं काही नव्हतं. चादर हातात घेऊन एकदा नाकाजवळ नेली की ती सांगून मोकळी व्हायची: हे रक्त जुनं आहे, गार पाण्यात टाका, हे रक्त नव्हे, औषध आहे, गरम चालेल, हा डाग दारूचा, हा उलटीचा आणि हा दोन्हींचा.

सतराव्या वर्षी ती तिथे छाटणीच्या खोलीत लागली. शहरातल्या इस्पितळांचे, हॉटेलांचे, वसतिगृहांचे मळके गठ्ठे सुटायचे आणि डागांप्रमाणे वेगळे व्हायचे ते या खोलीत. नवीन आलेली माणसं पहिल्या आठवड्यातच तोंडाला रुमाल लावून पळायची. ही टिकली. गठ्ठ्यातून काय काय निघायचं: सुया, पट्ट्या, अर्धवट खाल्लेलं जेवण, एकदा तर कुणाची तरी खालची कवळी. ती कवळी तिने घासूनपुसून कागदात गुंडाळली आणि चादरींबरोबर परत पाठवली. घरी आल्यावर सासू तिला दारातच थांबवून हात धुवायला लावायची. नाकवालीला त्याचं काही वाटत नसे. घाण ही घाण असते, ती दुसरं काही असल्याचा आव आणत नाही, असं तिचं म्हणणं होतं. तीस वर्षांत तिला कधी मळमळलं नाही, पोटात मूल असतानासुद्धा नाही.

ती त्रेचाळीस वर्षांची असताना मालकाने धुलाईखाना बंद केला. बंद केला म्हणजे एका सोमवारी आलाच नाही. फाटकाला कुलूप, आत भिजत घातलेल्या तीनशे चादरी. सगळ्यांनी दोन दिवस फाटकासमोर बसून शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बॉयलर सांभाळणारे काका म्हणाले की शिव्यांनी वाफ होत नाही, आणि इस्पितळाला तर उद्या चादरी लागणारच आहेत. कुलूप कुणी तोडलं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. पुढे वकील झाले, खेटे झाले, वर्ष दीड वर्ष गेलं आणि अकरा कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. मालक तेच, नोकर तेच. काका म्हणायचे, आता रजा मागायची तर आरशासमोर उभं राहून मागायची.

त्याच सुमाराला शहरात रास्त बाजार सुरू झाला. शाळेच्या मैदानावर वीस टेबलं, बस्स. सुतारांची सहकारी, बेकरीवाल्यांची सहकारी, दूरदेशच्या शेतकऱ्यांकडून दलालाशिवाय कॉफी आणणारं एक जोडपं, आणि यांचा धुलाईखाना. धुलाईखान्याने टेबलावर ठेवायचं तरी काय? मग नाकवालीने उरलेल्या तेलाचा साबण करून ठेवला, आणि शेजारी पाटी लावली: कुठलाही डाग आणा, नाव सांगतो. लोकांची ही झुंबड उडाली. लोक डाग दाखवायचे आणि बोलता बोलता विचारायचे, तुम्हाला मालक नाही म्हणजे कसं काय? ती सांगायची. त्यातूनच दोन वसतिगृहांची कामं मिळाली.

बाजार भरवणारी एक तिशीतली मुलगी होती. सगळे तिला ताई म्हणायचे, नाकवालीही म्हणायची, वयाने तिच्यापेक्षा मोठी असून. तेव्हा ताई स्वतः टेबलं उचलायची आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर मैदान झाडायची. वस्तू घेताना ती कुणी केली, कशा जागेत केली, हे माणसाने विचारायला पाहिजे, असं ती पोटतिडकीने सांगायची. नाकवालीला ते पटलं होतं. एवढं शिकलेलं कुणी आपल्या मनातलं बोलतंय याचं तिला अप्रूप वाटायचं.

पाच वर्षांत बाजार मोठा झाला. शाळेचं मैदान सुटलं, नगरभवनासमोरचा चौक मिळाला. मंच आला, भोंगे आले, पाहुणे आले. टेबलं उचलायला माणसं आली. आणि पाचव्या वर्षी ताईने नाकवालीला सांगितलं की पुढच्या बाजाराचा चेहरा तुम्ही.

फोटो काढायला एक जण धुलाईखान्यात आला. छाटणीच्या खोलीत त्याने डोकावलं आणि लगेच मागे फिरला. मग तिला वाळवणाच्या खोलीत उभं केलं, कोरा पांढरा ॲप्रन घातला, हातात घडी घातलेले टॉवेल दिले. तरी त्याचं समाधान होईना. त्याने एका घमेल्यात साबणाचा फेस करायला लावला आणि म्हणाला, यात हात बुडवून हसा. गेल्या पंधरा वर्षांत तिथे कुणी हाताने धुतलं नव्हतं. धुणं मशीन धुवायचं. तसं तिने सांगितलंही. तो म्हणाला, लोकांना हात बघायचे असतात. तिने हात बुडवले आणि हसली. ते हसू पुढे तिच्या घशाशी यायचं होतं, पण तेव्हा तिला मजाच वाटली. घरी नवऱ्याने फोटो बघून विचारलं, ही कोण?

सहाव्या बाजाराच्या नऊ दिवस आधी धुलाईखान्यात वीस गठ्ठे आले. बरोबर ताईचा निरोप: बाजारात फुकट वाटायच्या दोन हजार कापडी पिशव्या आहेत, गोदामात दमट झाल्यात, धुऊन इस्त्री करून द्या.

नाकवालीने पहिला गठ्ठा सोडला आणि तिचं नाक आपोआप मागे झालं. बुरशी तर होतीच. तिच्याखाली शिवणयंत्राचं जळकं तेल, उंदराचा मूत, घामाने आंबलेलं सूत, आणि दुखऱ्या सांध्यांना चोळतात त्या मलमाचा उग्र वास. हे गोदामाचे वास नव्हते, माणसांचे होते. तिने एक पिशवी उलगडली. पिशवीवर तिचाच चेहरा होता, फेसात हात घालून हसणारा. गालावर बुरशीचे काळे ठिपके. खाली छापलं होतं: योग्य मोल, योग्य मान. पिशवी बंद करायला वर लाकडी बटण होतं, ते नेमकं चेहऱ्याच्या तोंडावर येत होतं.

बटण हाताने लावलेलं होतं. तिने ते उलटं करून बघितलं आणि बघतच राहिली. धागा मागे तीनदा गुंडाळून, गाठ न मारता टोक कापडाच्या आत सरकवलेलं. ही तिच्या सासूची पद्धत. सासूने ती दोघींनाच शिकवली होती: तिला आणि तिच्या धाकट्या जावेला.

धाकट्या जावेशी बोलणं बंद होऊन सात वर्षं झाली होती. आजारी सासूला कुणी ठेवायचं यावरून दोन भावांत वाजलं होतं, आणि भाऊ एक बोलले तर जावा चार बोलल्या होत्या. सासू गेली, अबोला राहिला. जाऊ काहीतरी शिवणकाम करते एवढंच नाकवालीला माहीत होतं. गठ्ठ्याच्या सुतळीला एका गल्लीचा पत्ता अडकवलेला होता. ती दुसऱ्या दिवशी तिथे गेली.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या दुकानामागे, उघड्या गटारावर टाकलेली फळी ओलांडून खाली पाच पायऱ्या. तळघरात अकरा बाया, अकरा यंत्रं, मध्ये दोन वीतही जागा नाही. खिडकी होती एक, पण तिला खिळे मारलेले, म्हणजे सुताचा भुगा उडून बाहेर जाऊ नये आणि शेजारी तक्रार करू नयेत. तो भुगा मग बायांच्या केसांत, भुवयांत, पाण्याच्या पिंपावर साय धरल्यासारखा. कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशामागे बादली. मोरीची किल्ली ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार जेवायला गेला की येईपर्यंत बादलीच. नाकवालीने आयुष्यभर दुसऱ्यांची घाण हाताळली होती, पण ती गठ्ठ्यात बांधून आलेली, आणि धुतली की जाणारी. इथे माणसंच घाणीत बांधून ठेवली होती.

जाऊ शेवटच्या यंत्रावर होती. बोटाला चिंधी बांधलेली, चिंधी लाल. तिने मान वर केली, ओळखलं, आणि पुन्हा खाली घातली.

"हसायला आलात का जाऊबाई?"

नाकवाली म्हणाली की पिशव्या आमच्याकडे धुवायला आल्यात, बटण ओळखलं.

"ओळखणारच," जाऊ म्हणाली. "महिनाभर तुमच्या तोंडावर बटणं लावत होते. हजार तरी लावली असतील. सुरुवातीला बरं वाटलं, म्हटलं चला, हिचं तोंड बंद करायला मिळालं. मग त्याचाही कंटाळा आला."

शेजारची बाई हसली आणि तिला खोकला लागला तो थांबेना. नाकवाली उभी राहिली तेवढ्या वेळात तो थांबलाच नाही.

तिथून ती तशीच ताईच्या कार्यालयात गेली. उजेडाची खोली, भिंतीला वेताची टोपली, टेबलावर मातीच्या कुंड्या, प्रत्येक वस्तूवर ती कुठल्या गावच्या कुणी केली याची चिठ्ठी. ताईने उठून तिचे हात हातात घेतले. नाकवालीने सगळं सांगितलं: बादली, खिळे, खोकला. ताईचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, ते नाटक नव्हतं. पुढे कधीही ही गोष्ट सांगताना नाकवाली हे आवर्जून सांगायची. मग ताईने डोळे पुसले आणि समजावून सांगितलं. बाजारात विकायला येणाऱ्या प्रत्येक वस्तूची चौकशी होते. पण पिशव्या विकायच्या नाहीत. त्या प्रसिद्धी साहित्यात येतात. प्रसिद्धी साहित्याला ती अट लागू नाही.

"म्हणजे रास्तपणा टेबलावरच्या मालाला, आणि ज्यात तो घरी न्यायचा त्या पिशवीला नाही?" नाकवालीने विचारलं.

ताई म्हणाली की तुम्ही बरोबर आहात, पुढच्या वर्षी आपण हे धोरणात आणू. आणि मग तिचा चेहरा उजळला. जाऊबाई मंचावर येतील का, तिने विचारलं. एक छोटं सत्र ठेवता येईल. दोन जावा, एक मालकीण झालेली, एक अजून अंधारात. लोकांच्या काळजाला भिडेल.

नाकवाली उठली. दारापर्यंत गेली, बाहेरच्या बोळात आली, आणि तिथे ठेवलेल्या झाडाच्या कुंडीत तिला भडभडून ओकारी झाली. तीस वर्षांत पहिली. पोटातलं सगळं पडून गेलं तरी शिसारी जाईना. कुंडीवरही चिठ्ठी होती. ती वाचायचं तिने टाळलं.

धुलाईखान्यात बैठक बसली. निम्म्यांचं मत पडलं की पिशव्या धुवाव्या आणि गप्प बसावं. बाजारामुळेच आपल्याला कामं मिळतात, आपल्याच पायावर धोंडा का पाडून घ्यायचा? एकीने स्पष्टच विचारलं की तुला जावेचा पुळका सात वर्षांत आला नाही, तो आताच कसा आला? ते नाकवालीला झोंबलं, कारण खरं होतं. काका कान खाजवत म्हणाले की आपण धुणारे लोक. आपण डाग काढतो, झाकत नाही. शेवटी ठरलं: गठ्ठे न धुता परत पाठवायचे आणि कारण लिहून द्यायचं. कारण काकांनीच लिहिलं, दोन ओळींत: हा वास धुऊन जाणारा नाही. जिथे लागला तिथे जा.

कुणी गेलं नाही. बाजाराच्या सकाळी चौकात पाय ठेवला तर नाकवालीला दुरूनच कळलं. पिशव्यांवर अत्तर फवारलं होतं. गुलाबासारखं काहीतरी, गुलाब नव्हे, आणि त्याच्याखाली बुरशी, तेल, मूत सगळं जागच्या जागी. नुसती घाण परवडली असती. ही नटवलेली घाण होती, आणि ती दोन हजार खांद्यांवर लटकून चौकभर फिरत होती, जिकडे बघावं तिकडे तिचाच चेहरा, तोंडाला बटण लावून हसणारा. लोक त्यात साबण टाकत होते, पाव टाकत होते. एक बाई आपल्या लहान बाळाचं दुपटं त्यातून काढून त्याचं तोंड पुसत होती. नाकवालीला वाटलं, तिच्या हातातून हिसकावून घ्यावं.

दुपारी मंचावर पाहुण्याचं भाषण झालं. ग्राहकाची सदसद्विवेकबुद्धी, नवी अर्थव्यवस्था, माणुसकीची साखळी. मग कार्यक्रमपत्रिकेत छापल्याप्रमाणे या बाजाराचा चेहरा म्हणून तिला बोलावलं. तिला बोलायचं नव्हतं, पण पाय गेले. माईक हातात आल्यावर ती म्हणाली, "माझं एकच काम आहे. पिशवी उलटी करा आणि शिवणीला नाक लावा. मी डागांची नावं सांगते."

लोक हसले, त्यांना वाटलं, नेहमीचा खेळ आहे. बऱ्याच जणांनी पिशव्या उलट्या केल्या. मग ती एकेक सांगत गेली. हे तेल अकरा यंत्रांचं. हा मूत उंदराचा. हे मलम दुखऱ्या सांध्यांचं. इथे बटणापाशी तपकिरी ठिपका असेल कुणाच्या पिशवीला, ते रक्त आहे. माझ्या जावेचं आहे. खिळे मारलेल्या खिडकीपर्यंत ती आली तेव्हा भोंग्यातून गाणं सुरू झालं आणि कुणीतरी हळूच तिच्या हातातून माईक काढून घेतला.

पुढे काय झालं असेल असं वाटतं? फारसं काही झालं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पिशवी आणून मंचाच्या पायरीवर ठेवली. त्यांच्यामागे आणखी पाचसात जणांनी ठेवल्या. बाकीच्यांनी नाक मुरडलं, पिशवी सुलटी केली आणि खांद्याला लावली. फुकटची पिशवी कोण टाकतं?

चार दिवसांनी जाऊ धुलाईखान्याच्या फाटकात उभी. ठेकेदाराने तिला काढलं होतं, तिला आणि त्या खोकणाऱ्या बाईला.

"मला विचारलं होतंत?" जावेने विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यानेच जास्त लागलं. "माझं रक्त चौकात दाखवायच्या आधी एकदा मला विचारलं होतंत?"

नाकवालीने ताईला जी गोष्ट नाकारली, तीच स्वतः केली होती, फक्त जावेला मंचावर न नेता. ताईची शिसारी आली होती तशीच आता स्वतःची आली. तिने माफी मागितली. जाऊ म्हणाली की माफीने चूल पेटत नाही.

धुलाईखान्यात फाटक्या चादरी सांधायचं काम बाहेर जायचं. ते आत आणायचं का यावर पुन्हा बैठक बसली, पुन्हा भांडणं झाली, आणि पाऊण महिन्याने होय ठरलं. नाकवाली निरोप घेऊन गेली तेव्हा जावेने उपकार मानले नाहीत, अटी घातल्या. यंत्र खिडकीशी. मोरीची कडी आतून. आणि सभासद करून घ्यायचं, कामाला ठेवायचं नाही. काका ऐकून म्हणाले, ही बाई आधी का नाही भेटली. खोकणारी बाई पहिले तीन महिने नुसती अंगणात उन्हाला बसायची आणि बसल्या जागी बटणं लावायची. खोकला कमी झाला, गेला नाही. तळघरातल्या बाकीच्या नऊ जणी तिथेच राहिल्या. नाकवाली दोनदा कामगार खात्यात जाऊन अर्ज देऊन आली. एकदा तपासणी झाली. त्या दिवशी खिडकी उघडी होती म्हणतात.

मग धुलाईखान्याने स्वतःचा एक दिवस काढला, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. मंच नाही, भाषण नाही. फाटक सताड उघडं. ज्याला यायचं त्याने यावं, फाटकं कापड आणावं, आपल्यासमोर सांधून घ्यावं, आणि तोवर कुठेही फिरावं: बॉयलर, छाटणीची खोली, गटार, मोरी. बेकरीवाले आणि सुतारही आपापली टेबलं घेऊन येऊ लागले, पण अट एकच, की येत्या वर्षात एकदा त्यांनीही आपला कारखाना असाच उघडा टाकायचा. दोन सुतारांनी अट ऐकून टेबलं परत नेली. पहिल्या रविवारी चौदा माणसं आली, त्यातली सात घरचीच. जाऊ म्हणाली की सात परकी आली हे काय कमी आहे? दोघी आता बोलतात. कामापुरतं बोलतात, कधी कामापलीकडेही. सासूचा विषय मात्र अजून काढत नाहीत.

चौकातला मोठा बाजार अजून भरतो. दुसरा चेहरा आहे, एका कुंभाराचा. त्याचेही हात चिखलात आणि तोंड हसरं. शहरभर भिंतींवर लावलेली त्याची चित्रं दिसली की नाकवाली रस्ता बदलते. साठी उलटली, गुडघे बोलतात, तरी वळसा घालते.

हे रविवार सुरू झाल्यावर दोन वर्षांनी एकदा ताई आली होती. केस पांढरे व्हायला लागलेले, हातात फाटका टेबलक्लॉथ. रांगेत उभी राहिली. नाकवालीने तिला इतरांसारखाच नंबर दिला आणि इतरांसारखंच फिरवून दाखवलं. छाटणीच्या खोलीत ताईने रुमाल काढला नाही, चेहरा मात्र पांढरा पडला. तिने विचारलं, एक फोटो काढू का?

"नको," नाकवाली म्हणाली.

ताईने फोन पिशवीत ठेवला. मग ती जावेच्या यंत्रासमोरच्या बाकावर जाऊन बसली आणि आपला नंबर येईपर्यंत बसून राहिली. तिच्या पुढे अजून सहा जण होते.